एम८० काँक्रीटचं ताणाखालचं मॉडेल: या चुका टाळा

एम८० म्हणजे क्यूबची दाबाची ताकद ८० एमपीए (मेगापास्कल) असलेलं काँक्रीट. ते ओढल्यावर कसं तुटतं याचं संगणकावर मॉडेल करताना पहिली चूक सॉफ्टवेअर उघडण्याआधीच होते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमधलं ०.७√एफसीके (एफसीके म्हणजे क्यूबची दाबाची ताकद) हे सूत्र एम८० ला ६.२६ एमपीए देतं आणि तो आकडा ताणाची ताकद म्हणून मॉडेलमध्ये जातो. पण ती फ्लेक्झरल ताकद आहे, बीम वाकवून मिळणारी. सरळ ओढलं तर काँक्रीट बरंच आधी तुटतं. शिवाय एम८० सारख्या उच्च ताकदीच्या काँक्रीटला कोडमधले निकष लागू पडतीलच असं नाही, हे त्याच कोडमध्ये लिहिलंय. त्यापेक्षा फिब या आंतरराष्ट्रीय काँक्रीट संघटनेचा मॉडेल कोड २०१० घ्या. मात्र त्यात क्यूबची नव्हे, सिलिंडरची ताकद लागते. ८० च्या क्यूबला सिलिंडर ६५ धरला तर ताणाची सरासरी ताकद ४.५ एमपीएच्या आसपास येते.

खरी मेख पुढे आहे. तडा गेल्यानंतरची उतरण, म्हणजे ताण कसा घटत जातो ते, स्ट्रेस-स्ट्रेनमध्ये दिली की उत्तर मेशच्या, म्हणजे नमुन्याचे किती छोटे तुकडे (एलिमेंट) पाडले त्याच्या, हातात जातं. तडा एलिमेंटच्या एकाच ओळीत साचतो, त्यामुळे एलिमेंट ५० मिमीवरून १० मिमीवर आणलं की खर्च होणारी ऊर्जा एकपंचमांशच उरते. मटेरियल तेच, वागणं मात्र उगाच जास्त ठिसूळ! हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्येच यावर उपाय दिला: उतरण स्ट्रेनवर नव्हे, तड्याच्या रुंदीवर मांडायची आणि फ्रॅक्चर एनर्जी (एकक क्षेत्रफळाचा तडा पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा) कायम ठेवायची. अ‍ॅबॅकस सॉफ्टवेअरच्या काँक्रीट डॅमेज्ड प्लास्टिसिटी या मटेरियल मॉडेलमध्ये त्यासाठी 'जीएफआय' (फ्रॅक्चर एनर्जी) किंवा 'डिस्प्लेसमेंट' (तड्याची रुंदी) हा पर्याय निवडा. एलिमेंट लांबुळके नकोत.

आता युनिट. फिबच्या सूत्रानुसार या काँक्रीटची फ्रॅक्चर एनर्जी सुमारे १५८ न्यूटन प्रति मीटर, म्हणजे मिमीच्या मॉडेलमध्ये ०.१५८ न्यूटन प्रति मिमी. सरळ रेषेची उतरण धरली तर तडा ०.०७ मिमी उघडल्यावर ताण शून्य व्हायला हवा. चुकून १५८ भरलं तर तीच रुंदी ७० मिमी होते, आणि नमुना तुटतच नाही.

लोड कंट्रोलवर, म्हणजे भार वाढवत नेला तर, उतरण दिसणार नाही. त्याऐवजी टोकाला डिस्प्लेसमेंट (सरकणं) द्या. नमुना सगळीकडे सारखाच असेल तर मधल्या एका ओळीची ताकद किंचित कमी करा, नाहीतर तडा कुठे जाईल हे आकडेमोडीतल्या बारीकसारीक फरकावर ठरतं.

रन संपला की एक तपासणी मी कधीच सोडत नाही: लोड-डिस्प्लेसमेंट कर्व्हखालचं क्षेत्रफळ भागिले नमुन्याचा छेद. उत्तर ०.१५८ च्या जवळ हवं. दुप्पट आलं तर तडा दोन ओळींत पसरलाय का बघा. तसं नसेल तर व्हिस्कॉसिटी पॅरामीटर (आकडेमोड स्थिर ठेवण्यासाठी दिलेला आकडा) दहापटीने कमी करून रन पुन्हा लावा.