देवाशी समेट साधताना पापकबुली कशी करावी

देवाशी समेटाची सुरुवात माणूस करत नाही. ती ख्रिस्ताच्या मरणाद्वारे देवानेच केली आहे, असे प्रेषित पौल बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 5 व्या अध्यायात सांगतो. म्हणून क्षमा कमावण्यासाठी नव्हे, तर देऊ केलेली क्षमा स्वीकारण्यासाठी प्रार्थनेला बसावे.

प्रथम पापाचा स्पष्ट उच्चार करावा. ‘माझे काही चुकले असेल तर क्षमा कर’ ही कबुली नव्हे. खोटे बोललो असल्यास तसे, कोणाचा हक्क बुडवला असल्यास तसे देवापुढे म्हणावे आणि त्याला परिस्थितीची किंवा दुसऱ्याच्या वागण्याची सबब जोडू नये. शब्द सुचत नसतील, तर बायबलमधील 51 वे स्तोत्र सावकाश वाचावे. नाथान संदेष्ट्याने दोष दाखवल्यानंतरची दावीद राजाची प्रार्थना म्हणून ते ओळखले जाते, आणि पश्चात्ताप शिकण्यासाठी मला त्याहून समर्थ प्रार्थना ठाऊक नाही.

त्यानंतर ज्याचे नुकसान केले, त्याच्याकडे जावे. जक्कय या जकातदाराने फसवून घेतलेले चौपट परत करण्याची तयारी दाखवली, आणि अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करण्यास येशूने सांगितले. ही पायरी सर्वांत जड जाते, तरी ती टाळू नये. आपल्यावर अन्याय करणाऱ्यालाही क्षमा करावी. मात्र क्षमा करणे म्हणजे छळ सोसत राहणे नव्हे.

कॅथलिक परंपरेत ही कबुली धर्मगुरूपुढे संस्काररूपाने होते, तर प्रॉटेस्टंट परंपरेत सहसा थेट देवापुढे. त्यानंतरही मन दोष देत राहिले, तर योहानाच्या पहिल्या पत्रातील 1:9 हे वचन (आपण पापे कबूल केली तर देव विश्वासू असल्यामुळे क्षमा करतो) वाचावे आणि स्वतःच्या भावनेपेक्षा देवाच्या विश्वासूपणावर भिस्त ठेवावी.