हलकी २० बोअर बंदूक घेताय? आधी या चुका टाळा

आमच्या अण्णांनी पासष्टी ओलांडली, खांदा दुखायला लागला आणि एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, "आता १२ बोअर बास. २० घेऊ, धक्का तरी कमी बसेल." (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा तितकी नळी बारीक.) सोलापुरात क्ले नेमबाजीचा, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या (क्ले) छर्र्यांनी फोडायचा, नाद असलेले आम्ही मोजके लोक. पहाटे घर सोडायचं, उन्हं चढायच्या आत पंचवीस-पन्नास क्ले मारायच्या आणि परतायचं. त्यात चुकीची बंदूक घेतली तर पैसा आणि वर्ष दोन्ही वाया जातं. म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक अण्णांच्या त्या वाक्यातच होती. धक्का बोअरवर ठरत नाही. छर्र्यांचं वजन, त्यांचा वेग आणि बंदुकीचं वजन, या तिघांवर तो ठरतो. तेच २४ ग्रॅमचं (म्हणजे आत तेवढ्या वजनाचे छर्रे असलेलं) काडतूस ३.४ किलोच्या बंदुकीऐवजी २.८ किलोच्या बंदुकीतून त्याच वेगानं सुटलं, तर धक्क्याची ऊर्जा साधारण २० टक्क्यांनी वाढते. हातात हलकी, पण खांद्याला जड! म्हणून आधी आहे त्याच १२ बोअरमध्ये २८ ग्रॅमऐवजी २४ ग्रॅमची काडतुसं घालून दोन-तीन खेपा मारून बघा. ऑलिंपिकच्या ट्रॅप-स्कीट या क्ले स्पर्धांनाही २४ ग्रॅमचीच काडतुसं चालतात, त्यामुळे ती काही कमी ताकदीची नव्हेत. खांदा तेवढ्यानंच शांत झाला तर नवी बंदूक कशाला? ज्यांना उचलायलाच जड जातं, हात थरथरतात, त्यांच्यासाठी मात्र २० बोअर खरंच चांगली.

दुसरी चूक जीवघेणी आहे, म्हणून सविस्तर सांगतो. रेंजवरून आलो की मी जुनी सोलापुरी चादर अंथरून बंदुका पुसतो. अण्णा मित्राची २० बोअर चालवून आले होते, त्या दिवशी त्यांच्या जॅकेटचे खिसे चादरीवर रिकामे केले. १२ बोअरच्या लाल काडतुसांत एक पिवळं पडलं. २० बोअरचं! माझ्या पोटात गोळाच आला. हे काडतूस १२ च्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतूस बसायच्या जागेत, टाकलं तर तिथं थांबत नाही. घसरून पुढे जातं आणि नळी जिथं निमुळती होते तिथं अडकतं. चाप ओढला की नुसती टिक. माणसाला वाटतं, घालायलाच विसरलो. तो मागून १२ चं काडतूस घालतो आणि ते व्यवस्थित बसतंही. मग बार उडाला की नळी फुटते, आणि पुढचा हात नेमका त्याच भागाखाली असतो.

२० बोअरचं काडतूस पिवळं ठेवायची पद्धत यासाठीच पडली. तरी नुसत्या रंगावर विसंबू नका, बुडावरचा आकडा वाचा. टिक झाली आणि बार उडाला नाही, तर नळी क्लेच्या दिशेलाच धरून अर्धा मिनिट थांबा. मग बंदूक उघडा, काडतूस काढा आणि दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. दिसल्याशिवाय दुसरं काडतूस घालायचं नाही. घाई झाली असली, मागे रांग लागली असली, तरी नाही.

आता नेम. जड बंदूक एकदा फिरायला लागली की आपल्या वजनानं फिरत राहते. हलकी पटकन निघते आणि तितकीच पटकन थांबते. क्ले आडवी जात असेल आणि छर्रे मागून जात असतील, तर चाप ओढताक्षणी तुमचा हात थांबतोय. बार उडाल्यावरही क्लेच्या पुढे फिरत राहायची सवय लावा. उलट छर्रे फार पुढून जात असतील, तर क्ले सोडायला "पुल" म्हटल्याबरोबर तुम्ही झपकन निघताय. सुरुवात सावकाश करा. घरी रिकामी बंदूक घ्या, दोनदा उघडून तपासा, आणि भिंत-छत जुळतं त्या रेषेवरून रोज दहा मिनिटं नळी फिरवा. मला विचाराल तर नळी ३० इंची घ्या. पुढं थोडं वजन राहतं आणि फिरणं गुळगुळीत होतं.

२० बोअरमध्ये छर्रे कमी, म्हणून घट्ट चोक (नळीचं तोंड अरुंद करून छर्रे एकवटणारा भाग) लावून भरपाई करायला जाऊ नका. क्ले जवळ असेल तर त्यानं तुमचंच नुकसान होतं. कागदावर बार मारून पसारा बघा आणि मगच ठरवा. ७० मिलिमीटर लांबीच्या चेंबरमध्ये ७६ चं काडतूस घालू नका. आणि परवान्यावर १२ बोअर लिहिलंय म्हणून २० चालून जाईल, असं समजू नका. शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात आधी नोंदीचं बघा, मगच दुकानदाराला पैसे द्या. २० ची काडतुसं आपल्याला नियमित मिळणार का, तेही त्याच फेरीत विचारून घ्या.

अण्णांनी सहा महिने २४ ग्रॅमवर काढले आणि मग २० बोअरच घेतली, पण ३.२ किलोची. तिच्या काडतुसांची पिशवी वेगळी आहे, आणि दोन्ही बंदुका एकाच दिवशी आम्ही रेंजवर नेत नाही.