घोस्ट इन द शेल परत परत कसा बघायचा

मामोरू ओशीचा हा १९९५ चा जपानी अ‍ॅनिमेशन पिक्चर जेमतेम दीड तासाचा पण नाही, पण पहिल्यांदा बघताना डोक्यावरून जातो, तर जाऊ द्या, पॉज करून अर्थ शोधत बसू नका. फक्त २००८ ची सीजी (कॉम्प्युटरवर बनवलेली चित्रं) घातलेली आवृत्ती आधी लावू नका, मूळ हाताने काढलेलाच बघा, जपानी आवाजात.

दुसऱ्यांदा स्टोरी माहीत असते, मग कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाकडे नीट बघा, बायको-मुलीच्या त्याच्या आठवणी कुणीतरी डोक्यात घातलेल्या असतात, आणि मला तर पिक्चरमधलं सगळ्यात दुःखी तेच वाटतं.

तिसऱ्यांदा हेडफोन लावाच. मध्येच तीनेक मिनिटं कोणी बोलतच नाही, हाँगकाँगवरून रचलेलं शहर, पाऊस, बोटीतून जाणारी मोतोको (यंत्राचं शरीर असलेली नायिका) आणि वर कॅफेत बसलेली हुबेहूब तिच्याच चेहऱ्याची बाई! तिथे वाजणारं संगीतकार केंजी कावाईचं गाणं जुन्या जपानी भाषेतलं लग्नाचं गाणं आहे, हे कळल्यावर सुरुवातीला तिचं शरीर बनताना आणि शेवटी तेच का वाजतं ते आपोआप लक्षात येतं.

शेवटच्या रणगाड्याच्या फायटिंगला भिंतीवर कोरलेलं उत्क्रांतीचं, सजीवांची नावं असलेलं झाड बघा, गोळ्या खालून वर चढत जातात आणि माणसाच्या नावाच्या अलीकडे थांबतात.