एटीआरचं हायड्रॉलिक गेलं? या चुका टाळा

शिरपूर-धुळ्याकडे विमान शिकणारी पोरं मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे येतात. जळगावला उतरणारं एटीआर ७२ हे पंख्याचं प्रवासी विमान त्यांनी लहानपणापासून नाही तरी दोन-चार वर्षं पाहिलेलं असतं, म्हणून तेच शिकवा म्हणतात. पोरं हुशार आहेत. पण हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा, धडा आला की प्रत्येक बॅच त्याच खड्ड्यात पडते.

"हायड्रॉलिक गेलं म्हणजे कंट्रोल गेले." ही सगळ्यांत मोठी चूक. एका बॅचमध्ये अमळनेरकडचा एक मुलगा होता. एटीआरला हिरवी आणि निळी अशा दोन हायड्रॉलिक सिस्टिम असतात. कागदी कॉकपिटसमोर बसवून मी म्हटलं, "हिरव्या सिस्टिमचं प्रेशर शून्य." माझं वाक्य संपायच्या आत त्याचं बोट क्रॉसफीडवर, म्हणजे एका सिस्टिमचं प्रेशर दुसरीला जोडणाऱ्या बटणावर. मी विचारलं, "टाकीत तेल किती आहे?" पाहिलंच नव्हतं. मग मी म्हटलं, "आता निळंही गेलं." त्याने दोन्ही हात वर घेतले. "सर, बठ्ठं गयं!" म्हणजे सगळं गेलं.

त्याच्या डोक्यात अमेरिकेतल्या सू सिटीचा अपघात होता. १९ जुलै १९८९ ला डीसी-१० विमानाच्या शेपटीतलं इंजिन फुटलं, तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम रिकाम्या झाल्या आणि वैमानिकांच्या हाती उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमी-जास्त करणं एवढंच राहिलं. तो धडा खरा आहे, पण विमान वेगळं आहे. एटीआरचे एलेरॉन (विमान कलवणारे), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे नेणारा) केबल आणि रॉडने थेट हाताशी जोडलेले असतात. ट्रिम (हातावरचा जोर हलका करणारी सोय) विजेवर चालतो. ३००० पीएसआय दाबाची निळी सिस्टिम फ्लॅप (कमी वेगात उडता यावं म्हणून पंखामागे खाली येणारी पाती), स्पॉइलर (पंखावर उघडणारी पाती), नाकाच्या चाकाचं वळण आणि इमर्जन्सी ब्रेक सांभाळते. हिरवी सिस्टिम चाकं वर-खाली करते आणि नेहमीचे ब्रेक देते. दोन्ही गेल्या तरी विमान वळतं, चढतं, उतरतं. त्या मुलाला पुढे एका हँगरमध्ये नेलं. दोन्ही प्रेशर शून्य, गस्ट लॉक (वाऱ्याने कंट्रोल हलू नयेत म्हणून लावतात तो) काढलेला. म्हटलं, कॉलम (वैमानिकाच्या हातातला दांडा) ओढ. वर शेपटीवर एलिव्हेटर हललं. बाहेर येऊन त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा त्याच्या मनातली भीती गेली. तोंडी सांगून गेली नव्हती.

आता क्रॉसफीड. हे मी केळीच्या बागेवरून शिकवतो, कारण आमच्याकडे ठिबक प्रत्येकाला कळतं. गेजवर प्रेशर पडलं तर मोटर बिघडली की पाइप फुटला, हे आधी पाहतो ना आपण? पाइप फुटलेला असताना शेजारच्या विहिरीची मोटर जोडली तर दोन्ही विहिरी बांधावर वाहून जातील. पंप गेला आणि तेल शाबूत असेल, तरच क्रॉसफीड. तेलाची पातळी खाली असेल तर तो बंदच ठेवायचा. माझी सवय अशी: बोट उचलण्याआधी तेलाचा आकडा मोठ्याने वाचायचा. चेकलिस्ट पाठ आहे म्हणून पान न उघडणाऱ्याला मी त्या दिवशी पुढचा धडा शिकवत नाही.

सगळी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची विमानं, सारखी समजणं. डॅश ८ क्यू-४०० चं रडर आणि एलिव्हेटर हायड्रॉलिकवर चालतात, एलेरॉन केबलवर. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका.

चाकं घाईने सोडणं. हिरवी सिस्टिम गेली तर लॉक हाताने सोडतात आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली येतात. पण परत वर जात नाहीत. कुठे उतरायचं ते ठरल्यावरच सोडा.

फ्लॅपशिवाय नेहमीच्या वेगाने येणं. वेग जास्त लागतो, धावपट्टीही जास्त लागते. आखूड धावपट्टी जवळ आहे म्हणून ती निवडू नका.

इमर्जन्सी ब्रेक पंपासारखा मारणं. साठवलेलं प्रेशर मोजक्या दाबांपुरतं असतं आणि तिथे अँटिस्किड (चाकं घसरू न देणारी सोय) नसतो. एकदाच, हळूहळू, धरून.

हात न पाहता लिव्हर ओढणं. १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमधल्या पोखऱ्याजवळ एटीआर ७२ मध्ये फ्लॅपऐवजी प्रोपेलरचे कंडिशन लिव्हर ओढले गेले, दोन्ही प्रोपेलर फेदर झाले, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर होऊन ओढ संपली, आणि ७२ माणसं गेली. हायड्रॉलिकचा काहीही दोष नव्हता.

दोघांनी एकाच वेळी कॉलम धरणं. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. एटीआरच्या दोन्ही एलिव्हेटरमध्ये एक जोड असतो. एक बाजू अडकली तर जोर लावून तो सोडवता येतो आणि मोकळ्या बाजूने विमान चालवता येतं. २० फेब्रुवारी २०१४ ला ऑस्ट्रेलियात एका एटीआरचा सिडनीकडे उतरताना वेग वाढला, कॅप्टनने मध्ये हात घातला, आणि ऐन क्षणी एकाचा जोर एकीकडे तर दुसऱ्याचा उलटा. अडकलेलं काहीच नव्हतं, तरी जोड सुटला. शेपटीच्या आडव्या पंखावर ताण आला आणि केबिनमधल्या कर्मचारी बाईंचा पाय मोडला. "माझ्याकडे" आणि "तुमच्याकडे" हे दोन शब्द मोठ्याने बोलायला एक सेकंद लागतो. माझ्या वर्गात ते न बोलता कॉलमला हात लावला तर सराव पहिल्यापासून सुरू होतो.

त्या विमानाची नंतर तपासणी झाली, पण शेपटीचं नुकसान नजरेतून सुटलं. त्याच अवस्थेत ते आणखी १३ वेळा उडालं. पाच दिवसांनी पक्षी धडकल्याचा संशय आला, म्हणून कॅप्टन विमानाभोवती फिरला आणि तेव्हा ते दिसलं. एटीआरची शेपटी उंच आहे, अगदी खाली उभं राहिलं तर आडवा पंख नीट दिसतच नाही. म्हणून मे महिन्याच्या उन्हातही मी पोरांना वीस-पंचवीस पावलं मागे नेतो, आधी डावीकडून, मग उजवीकडून बघायला लावतो, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते विचारतो.