'नीट बसून करतो' म्हणत काम पुढे ढकलताय? मग हे करून बघा

मागच्या वर्षी माझा एक चार ओळींचा मेल ड्राफ्ट्समध्ये अकरा दिवस पडून होता. कामाची मुदत वाढवून मागायची होती, बास. रोज उघडायचो, 'कृपया' आधी टाकू का नंतर करत बसायचो, मग पोटात गोळा, मग लॅपटॉप बंद, उद्या फ्रेश डोक्याने लिहू. आणि बंद केल्या केल्या इतकं हलकं वाटायचं ना! खरी गोची तिथंच आहे. टाळलं की भीती लगेच उतरते, मेंदू म्हणतो बरं झालं वाचलो, म्हणजे धोका खराच होता, आणि दुसऱ्या दिवशी तोच मेल अजून मोठा वाटतो. परफेक्शनिझममुळे फक्त त्याला टाळाटाळ म्हणावं लागत नाही, म्हणून लाजही वाटत नाही, 'मला काम नीट लागतं' म्हटलं की झालं.

विषय डोक्यातून काढून टाकू म्हणाल तर तेही जमत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनरने १९८७ साली लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली.

त्यापेक्षा आधी भीती कागदावर उतरवा. 'वाट लागेल' चालणार नाही, नेमकं लिहा. मी लिहिलं, 'साहेब म्हणतील प्लॅनिंगच चुकलंय तुझं', खात्री ८० टक्के. मग पाठवला. उत्तर आलं 'ओके शुक्रवारपर्यंत दे', फुलस्टॉपसुद्धा नाही. हे त्याच्याच शेजारी लिहून ठेवायचं, नाहीतर पुढच्या वेळी आठवत नाही.

दुसरं म्हणजे 'च' शोधा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मनातल्या हट्टी मागण्या पकडतात आणि मराठीत ते सोपंय, 'चांगलं झालं पाहिजे' ठीक, 'झालंच पाहिजे' आलं की थांबा.

मग मुद्दाम थोडं कच्चं सोडायची सवय लावा. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज परत न वाचता टाका, पाहुणे येणार असले तरी खुर्चीवरचे कपडे राहू द्या. धडधडेल. धडधडू दे, ती घालवायला काही करायचं नाही, आपण चहा टाकायचा. (औषधाच्या डोसवर आणि बँकेच्या फॉर्मवर हे प्रयोग नकोत प्लीज.) आणि बायकोला 'जरा बघ ना, बरोबर वाटतंय का' असं पाचव्यांदा विचारणं हीसुद्धा पळवाटच बरं का, मला हे कळायला फार उशीर लागला.

झोप उडाली असेल, कामावर जाणंच टाळायला लागला असाल तर एकट्याने झगडू नका, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. फक्त काय बोलायचं ते आधी लिहून काढून पाठ करत बसू नका.