किरणोत्सवाचं ऊन ब्लेंडरमध्ये कसं आणायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत मी आर्किटेक्ट लोकांसाठी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इंटिरियरचे रेंडर, म्हणजे संगणकावर बनवलेली फोटोसारखी चित्रं, करतो. शिकायला नवीन पोरं आली की पहिला सीन देतो तो अंबाबाईच्या किरणोत्सवाचा, म्हणजे मावळतीचे किरण मंदिराच्या दारातून थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात तेव्हाचा. कारण सरळ आहे: तिथे दिवा एकच, मावळता सूर्य. कोपरा काळा दिसला की एरिया लाइट (चौकोनी पट्टीसारखा कृत्रिम दिवा) टाकून मोकळं व्हायची सवय या सीनमध्ये चालत नाही. मंडपात जो बाकीचा उजेड असतो तो फरशीवरून, खांबांवरून उलटून आलेला. यालाच ग्लोबल इल्युमिनेशन म्हणतात.

मंदिराची हुबेहूब प्रतिकृती करत बसू नका. पश्चिमेला दार असलेला लांब दगडी मंडप पुरे. आता सन पोझिशन ॲड-ऑन सुरू करा, ते जागा आणि वेळेवरून सूर्य कुठे असेल ते काढतं. अक्षांश १६.७, रेखांश ७४.२४, यूटीसी साडेपाच तास पुढे, तारीख १० नोव्हेंबर. वेळ सूर्यास्ताच्या थोडी आधीची. सूर्य बरोबर पश्चिमेला सापडणार नाही, साधारण १८ अंश दक्षिणेकडे सरकलेला दिसेल. मग १ फेब्रुवारी टाकून बघा, जवळपास तीच जागा. २१ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना या तारखा जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. मंडप त्या दिशेला फिरवून घ्या, म्हणजे किरण थेट आतपर्यंत जातील.

सूर्याचा अँगल, म्हणजे आकाशात सूर्याची चकती जेवढी रुंद दिसते तो कोन, ०.५३ अंशच ठेवा. शून्य केलात तर उन्हाची कडा सुरीने कापल्यासारखी येते आणि तिथेच चित्र खोटं पडतं. खऱ्या उन्हात दारापासून २० मीटर आत गेल्यावर ती कडा सुमारे १८ सेंटीमीटर रुंद, मऊ झालेली असते. दाराजवळ धारदार, गाभाऱ्याकडे विरघळलेली. आकाशासाठी स्काय टेक्स्चर वापरा, सूर्य खाली आला की तांबूसपणा तेच आणतं.

खरी मेहनत मटेरियलवर घ्यायची. काळा दगड म्हणून बेस कलर (पृष्ठभाग आलेल्या प्रकाशाचा किती भाग परत फेकतो तो आकडा) ०.०२ करू नका, कोरड्या बेसॉल्टला ०.१ च्या आसपास ठेवा. चुन्याच्या भिंतीला ०.८, १ कधीच नाही. आता हिशेब बघा. चुन्याच्या भिंतींमध्ये चार वेळा आपटूनही ४१ टक्के प्रकाश शिल्लक राहतो, दगडात दोनदा आपटला की उरतो १ टक्का. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात, डिफ्यूज बाउन्स (प्रकाश खरबरीत पृष्ठभागांवर किती वेळा आपटू द्यायचा) मुळात ४ असतात. दगडी मंडपाला ते भरपूर झाले, पण पांढऱ्या खोलीत १० ते १२ करा, नाहीतर छत उगाच मळकट दिसतं. जेम्स काजिया यांनी १९८६ साली मांडलेल्या रेंडरिंग समीकरणाचा गाभा हाच: एका बिंदूवरून निघणारा प्रकाश हा बाकी सगळ्या बिंदूंवरून त्याच्यावर आलेल्या प्रकाशावर अवलंबून असतो.

डिफ्यूज बाउन्स शून्य करून एक रेंडर काढा, मग चार करून दुसरा. उन्हाचा पट्टा दोन्हींत तोच असेल. त्याच्या बरोबर वरचं छत बघा. दुसऱ्यात तिथे फिकट तांबूस उजेड चढलेला दिसेल, खांबांच्या खालच्या बाजूला जास्त, वर जाता जाता कमी. एवढं जमलं तर सीन जमला. तरी अंधार वाटला तर एक्स्पोजर वाढवा, कॅमेरावालाही तेच करतो. व्ह्यू ट्रान्सफॉर्म (प्रकाशाचे आकडे पडद्यावरच्या रंगात बदलायची पद्धत) एजीएक्स ठेवा, म्हणजे पट्टा फाटून पांढरा होणार नाही.

चित्रात दाणे येणारच. सॅम्पल (दर पिक्सेलमागे सोडलेले किरण) चौपट केले तर दाणे निम्मे होतात, त्यामुळे नुसते आकडे वाढवून भागत नाही. दारात एरिया लाइट लावून तो पोर्टल करा. त्यातून जास्तीचा प्रकाश येत नाही, आकाशाचा उजेड कुठून येतोय एवढंच सायकल्सला कळतं. पितळी उंबऱ्याला रफनेस (खरबरीतपणा) ०.३ तरी द्या. आरशासारखा केलात तर त्याच्यावरून परावर्तित झालेले किरण शोधताना पाथ ट्रेसिंगची (एकेका किरणाचा माग काढत चित्र बनवायच्या पद्धतीची) दमछाक होते आणि भिंतभर पांढरे ठिपके उठतात. ते घालवायला इंडायरेक्ट क्लॅम्प (आपटून आलेल्या प्रकाशावरची कमाल मर्यादा) १ वर आणू नका, ठिपक्यांबरोबर छतावरचा उजेडही जातो. डीनॉइझर (दाणे पुसणारं साधन) सगळ्यात शेवटी लावा, तोही नक्षीवरचे मोठे दाणे गेल्यावर, नाहीतर खांबावरचं कोरीवकाम तो मेणासारखं गुळगुळीत करून टाकतो.