आजारी व अंथरुणाला खिळलेल्या भाविकांच्या घरी पवित्र कम्युनियन कसे न्यावे

जी माणसे वार्धक्यामुळे किंवा आजारपणामुळे रविवारच्या मिस्साला (कॅथोलिक चर्चमधील मुख्य उपासनेला) येऊ शकत नाहीत, त्यांच्यापर्यंत पवित्र कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर म्हणून ग्रहण केली जाणारी पवित्र भाकर, पोहोचवणे हे ख्रिस्तसभेचे फार जुने काम आहे. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिताना संत जस्टिन यांनी, उपासनेला हजर राहू न शकलेल्यांकडे डीकन (धर्मगुरूंच्या खालोखालचे दीक्षित सेवक) त्यांचा वाटा घेऊन जात असत, असे नोंदवून ठेवले आहे. प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य भाविकांना, हे काम सोपवण्याची रीतसर वाट २९ जानेवारी १९७३ रोजी, पोप सहावे पॉल यांच्या मान्यतेने निघालेल्या आदेशाने मोकळी झाली. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली स्थापन झाला, तेव्हा त्याला ही सोय आयतीच मिळाली. मात्र ही सेवा कोणी आपल्या मनाने सुरू करायची नसते. प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे, प्रशिक्षण घ्यावे आणि धर्मप्रांताच्या नियमानुसार नेमणूक झाल्यावरच कामाला लागावे.

आदल्या दिवशीचा फोन

या सेवेतले निम्मे काम आदल्या दिवशीच्या फोनवर होते, असे माझे मत आहे. आजारी व्यक्तीला कम्युनियन घेण्याची इच्छा आहे का, हे शक्यतो तिच्याच तोंडून ऐकावे; पुष्कळदा इच्छा मुलाची असते आणि आजींना आधी कन्फेशन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) करायचे असते. तसे असेल तर निरोप फादरांकडे पोहोचवावा, कारण पापांची क्षमा देणे आणि आजाऱ्याला पवित्र तेल लावणे हे दोन्ही संस्कार केवळ धर्मगुरूच करू शकतात. कम्युनियनपूर्वीच्या एका तासाच्या उपवासाची अट आजारी व वृद्ध माणसांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू होत नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवावे. नाहीतर मधुमेहाचे आजोबा सकाळपासून उपाशी बसून राहतात.

फोनवर विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न गिळण्याचा आहे. पक्षाघात झालेल्या, कंपवाताच्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला घन पदार्थच काय, साधे पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन ठसका लागू शकतो. म्हणून आजी काय खातात, पोळी कुस्करून की नुसती पेज, पाणी वाटीने पितात की घट्ट करून चमच्याने, हे त्यांच्याकडे राहणाऱ्या सुनेला किंवा देखभालीच्या मावशींना विचारावे. त्यानुसार पवित्र भाकरीचा अगदी लहानसा कणही पुरेसा असतो, कारण त्या कणातही ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित आहे. ज्याला नाकातून नळी घातली आहे किंवा घन काहीच जात नाही, त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपातही कम्युनियन देता येते; पण तो निर्णय फादरांनी घ्यायचा आणि नळीबाबत डॉक्टरांचे मत आधी घ्यायचे.

चर्चपासून घरापर्यंत

जितके आजारी तितक्याच पवित्र भाकरी पिक्समध्ये, म्हणजे त्या नेण्याच्या लहानशा डबीत, घ्याव्यात. पिक्स लहान पिशवीत घालून ती पिशवी गळ्यात, शर्टाच्या किंवा पदराच्या आत ठेवावी. स्कूटरच्या डिकीत किंवा हँडलला अडकवलेल्या पिशवीत ती जाता कामा नये. त्र्यंबक रोडवरच्या होली क्रॉस चर्चमधून निघून नाशिकरोडला जायचे असेल तर द्वारका चौकातल्या कोंडीचा वेळ धरूनच निघावे, म्हणजे घाईघाईने दारात उभे राहावे लागत नाही. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला नाशिकरोडला, आणि सिंहस्थाच्या पर्वणीला जवळजवळ सगळ्या शहरातच रस्ते वळवलेले असतात. अशा दिवसांत भेट एक दिवस पुढे-मागे केलेली बरी. वाटेत भाजी घेणे, ओळखीच्या माणसाशी गप्पा मारणे, उरलेली भाकर रात्री घरी ठेवणे, यांतले काहीही चालत नाही.

घरात गेल्यावर

दारात 'जय ख्रिस्त' म्हणून सरळ आजाऱ्याच्या खोलीत जावे. चहाचा आग्रह होणारच. तो प्रार्थनेनंतर घेऊ, असे हसून सांगावे. टीव्ही बंद करायला सांगावे. लहानशा टेबलावर किंवा पाटावर स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेल्यात थोडे पाणी एवढी तयारी पुरते. मात्र खोलीत ऑक्सिजनचे सिलिंडर किंवा मशीन चालू असेल तर मेणबत्ती मुळीच लावू नये. इथे श्रद्धेचा प्रश्न येत नाही, आगीचा येतो.

विधी साधा आहे. आरंभीचे अभिवादन, पापांबद्दल क्षमायाचना, शुभवर्तमानातील छोटेसे वचन, थोडी विनंतीची प्रार्थना आणि मग सर्वांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. ज्यांना घरातल्यांची नावेही आठवत नाहीत असे वृद्ध ही प्रार्थना कधीकधी अखेरपर्यंत बरोबर म्हणतात, म्हणून तिथे घाई करू नये, त्यांच्या गतीने चालावे. मग पवित्र भाकर त्यांना दिसेल अशी उंच धरून 'हा पाहा देवाचा कोकरा' हे शब्द म्हणावेत आणि 'ख्रिस्ताचे शरीर' म्हणून ती द्यावी. उत्तरादाखल 'आमेन' ओठांनी उमटले नाही तरी मान हलवणे पुरे.

देण्याआधी उशा लावून आजाऱ्याला शक्य तितके ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, आणि कण जिभेच्या मधोमध ठेवावा. डॉक्टरांची मनाई नसेल तर नंतर चमचाभर पाणी द्यावे आणि घास खाली गेला आहे याची खात्री करूनच पुढची प्रार्थना म्हणावी. तोंडातून कण बाहेर आला तर गोंधळून जाऊ नये. तो स्वच्छ रुमालात घ्यावा, चर्चमध्ये नेऊन पाण्यात पूर्ण विरघळू द्यावा आणि ते पाणी त्यासाठी ठेवलेल्या जागी ओतावे. कम्युनियन घेणारा मनुष्य झोपेत किंवा बेशुद्ध असेल तर देऊ नये. शेजारी बसून प्रार्थना करावी आणि परत यावे.

खोलीत शरणपूरचे प्रोटेस्टंट पाहुणे किंवा हिंदू शेजारी असतील तर त्यांनी प्रार्थनेला जरूर थांबावे, मात्र कम्युनियन कोणाला आहे हे घरच्यांकडून आधीच नम्रपणे कळवलेले असावे. शेवटी प्रापंचिक सेवकाने धर्मगुरूंप्रमाणे समोरच्यांवर क्रूसाची खूण करू नये. स्वतःवर खूण करत 'प्रभू आम्हाला आशीर्वाद देवो' असे म्हणावे. आजाऱ्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. शक्य असेल तेव्हा दोघांनी मिळून जावे, म्हणजे एकट्या वृद्ध बाईकडे एकट्याने जाण्याची वेळ येत नाही.

परतल्यावर

भाकर उरली असेल तर ती स्वतः ग्रहण करावी किंवा टॅबरनॅकलमध्ये (चर्चमधील पवित्र भाकर ठेवण्याच्या पेटीत) परत ठेवावी. पिक्समध्ये पाणी घालून ते हलवून प्यावे आणि पिक्स पुसून ठेवावी. गुड फ्रायडेला आजाऱ्यांना दिवसभरात केव्हाही कम्युनियन नेता येते, पण दुसऱ्या दिवशी, पवित्र शनिवारी, केवळ मरणासन्न व्यक्तीसाठीच, हे लक्षात ठेवून आठवडाभराचे वेळापत्रक आखावे. कोणाला कन्फेशन हवे आहे, कोणाची प्रकृती ढासळली आहे, कोणाला रुग्णालयात हलवले आहे, हे त्याच दिवशी फादरांना कळवावे. पवित्र तेल लावण्यासाठी वेळेवर पोहोचणे त्यांना या निरोपामुळेच शक्य होते.